इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची रांग आपणच लांबवतो

"टीईएमचा नंबरच लागत नाही" ही मुंबईतल्या रिसर्च करणाऱ्या पोरांची कायमची रड. टीईएम म्हणजे सॅम्पलमधून आरपार इलेक्ट्रॉन सोडून चित्र घेणारा मायक्रोस्कोप. पवईला आयआयटीत 'सैफ' ही अशा यंत्रांची सामायिक सोय आहे, बाहेरच्यांनाही फी भरून सॅम्पल देता येतं. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातली संशोधनाची यंत्रं दिसतात. रांग आहेच. पण त्यातला बराच वेळ आपण पाठवलेली कच्ची सॅम्पलं खातात.

ग्रिड, म्हणजे सॅम्पल ठेवायची बारीक जाळी, असते ३ मिमीची, वर कार्बनची पातळ फिल्म. आणि लोक देतात चिखलासारखं गढूळ द्रावण! त्यातले कण एकमेकांवर चढतात, पडद्यावर नुसता काळा ढीग. इथेनॉलमध्ये जेमतेम रंग जाणवेल इतकं पातळ करा, १०-१५ मिनिटं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी कण सुटे करा), एकच थेंब ग्रिडवर सोडा आणि रात्रभर डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी राहणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा. पावसाळ्यात आधी त्यातलं ओल शोषणारं सिलिका जेल तापवून घ्या, मुंबईच्या हवेत ते लगेच मान टाकतं. सर्फॅक्टंट (कण सुटे राहावेत म्हणून घातलेलं साबणासारखं रसायन) नीट धुतलेला नसेल तर इलेक्ट्रॉनचा बीम पडलेल्या जागी कार्बन साचत जातो आणि बघायचं तेच झाकलं जातं.

फेराइटसारखी चुंबकीय पावडर असेल तर फॉर्मवर तसं लिहा. सुटे चुंबकीय कण यंत्रातल्या चुंबकी लेन्सच्या टोकाला (पोल पीसला) जाऊन चिकटले की तुमच्यासकट सगळ्यांचे स्लॉट गेले. तो रकाना शोभेचा नाही.

एसईएमवाल्यांची, म्हणजे इलेक्ट्रॉनने पृष्ठभाग बघणाऱ्यांची, वेगळीच तऱ्हा. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या फॉस्फरस असलेल्या खनिजावर सोन्याचं कोटिंग मारून घेतात आणि ईडीएसमध्ये (एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत) फॉस्फरस शोधत बसतात. एक्स-रेच्या ऊर्जेत सोन्याचा पीक २.१२ केईव्हीला, फॉस्फरसचा २.०१ ला, डिटेक्टरला ते नीट वेगळे काढता येत नाहीत. तिथे कार्बन कोटिंगच मागायचं. तसंच टीईएममध्ये तांबं मोजायचं असेल तर तांब्याची ग्रिड चालत नाही, निकेलची घ्या.

हे सगळं ऑपरेटरला माहीत असतं, पण कंत्राटावरचा माणूस शिकून तयार होईतो त्याची मुदत संपते. नव्या यंत्राच्या उद्घाटनाला नारळ फोडायला सगळे हजर, ऑपरेटरच्या कायम पदाची फाइल मात्र हलत नाही. माझं मत विचाराल तर पुढचं कोट्यवधींचं यंत्र घेण्याआधी ती पदं भरा, आणि कल्याण, वसई, पनवेलच्या कॉलेजांत सोनिकेटर, डेसिकेटर आणि साधा स्पटर कोटर (सॅम्पलवर पातळ थर चढवणारं यंत्र) असलेलं एकेक टेबल द्या.

आणि गाईड मंडळींनो, फॉर्मवर "मॉर्फॉलॉजी" (कणांचं रूप) एवढंच खरडू नका. कणांचा अंदाजे आकार आणि नेमकं काय बघायचंय ते लिहा. एक्सआरडी (स्फटिकरचनेची एक्स-रे तपासणी) झालं असेल तर तेही सोबत जोडा.