शरण आलेलं झाकण

आमच्याकडे रविवारी दुपारी भाचा येतो आणि डायनिंग टेबलाचं अंतराळ होतं. गेमचं नाव फुल थ्रस्ट, अंतराळजहाजांच्या लढाईचा, ब्रिटिश, नव्वदीतला, नियम नेटवर फुकट मिळतात. जहाजं म्हणजे बाटल्यांची बुचं, वर स्केचपेनने बाण. माझं फ्लॅगशिप मात्र च्यवनप्राशच्या डब्याचं झाकण, मान असतो शेवटी.

प्रॉब्लेम एकच, भाचा हारच मानत नाही. सगळ्या तोफा गेल्या, डॅमेजची एकच चौकट खोडायची उरली, तरी पठ्ठ्या म्हणतो, "मामा, धडक मारतो." अरे आत शेकडो खलाशी असतील रे! "मामा, आत कोण नाहीये, बूच आहे ते."

म्हणून मी शरणागतीचा घरचा नियम काढला. या गेममध्ये जहाजाच्या डॅमेजची एक ओळ भरली की प्रत्येक यंत्रणेसाठी फासा टाकतात, पहिल्या ओळीला 6 पडला तर ती बंद, दुसरीला 5 किंवा 6, असं. मी म्हटलं, तसाच एक फासा खलाशांच्या नावाने टाकायचा, पडला आकडा तर शरण. वर ज्ञान पाजळायला त्याला त्सुशिमाच्या आरमारी लढाईची गोष्टपण सांगितली, की 28 मे 1905 ला रशियाच्या अ‍ॅडमिरल नेबोगातोव्हने शरणागतीचं निशाण चढवलं तरी जहाजं चालूच होती म्हणून जपानचा अ‍ॅडमिरल टोगो गोळे मारतच राहिला, इंजिनं थांबली तेव्हा कुठे थांबला. ही गोष्ट सांगायला नको होती.

पहिलं शरण कोण गेलं? माझं झाकण. पहिल्याच ओळीला, 6. एकूण चारातल्या तीन ओळी कोऱ्या करकरीत, आणि आमचे लोक हात वर करून मोकळे!

आता मजा अशी की शरण गेलेल्यांना ऑर्डर कोण लिहिणार, आणि त्या टर्नची ऑर्डर लिहिली नाही तर जहाज त्याच दिशेने त्याच वेगाने जात राहतं, आणि माझा वेग होता 14 इंच. भाच्याची क्रूझर नेमकी उलट्या तोंडाची, थ्रस्ट म्हणजे इंजिनाचा जोर 4, त्यातला निम्माच वळायला, आणि दिशा घड्याळासारख्या बारा, म्हणजे एका टर्नला घड्याळाचे दोन आकडे. पूर्ण वळायला तीन टर्न, तोवर आमचे कैदी साडेतीन फूट पुढे, टेबल संपलं, स्टूल लावलं, मग फरशी.

"पळतंय ते! इंजिन बंद नाही म्हणजे शरण नाही, टोगो!"

"अरे बंदच आहे, अंतराळात बंद केलं तरी जातच राहतं."

"मग ब्रेक लाव."

"ब्रेक लावणारे शरण गेलेत ना."

यावर नियमात काही नाही, मीच केलेला नियम, मला काय माहीत. शेवटी झाकण फ्रिजखाली गेलं आणि भाचेसाहेब पालथे पडून झाडूच्या दांड्याने ते ओढत होते, तेवढ्यात बायको आली.

"ते झाकण आणा इकडे, च्यवनप्राशला मुंग्या लागल्यात."

"मामी, थांब, तो युद्धकैदी आहे."