‘चार तास चहा पीत बसले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब, तुमच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये डिस्चार्ज, म्हणजे आतल्या इन्सुलेशनमध्ये बारीक ठिणग्या, होतायत का ते आम्ही तपासलं, त्याचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार. रिपोर्ट सहा दिवस उशिरा मिळाला आणि मधे तुमचा फोन कोणी उचलला नाही, ही चूक आमचीच, मनापासून सॉरी. पण ‘सेन्सर लावायला दहा मिनिटं लागतात, टीम चार तास नुसती चहा पीत बसली’ हे वाचून काल झोप लागली नाही, म्हणून लिहितोय, राग मानू नका.

पोरं साडेनऊला गेटवर होती, तुमच्याच रजिस्टरला एन्ट्री आहे. भट्टी चालू होती म्हणून शटडाऊनचं परमिट मिळालं साडेअकराला. दोन तास तिथेच गेले. दहा मिनिटांत लागतो तो पिएझो सेन्सर, म्हणजे थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा, ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला बाहेरून ग्रीस लावून चिकटवायचा, तो आमच्याकडेही आहे, पण तो तुमच्याकडे आधी कुणीतरी लावून झाला होता आणि भट्टीच्या नॉइजमध्ये काही कळलं नव्हतं, म्हणून तर आम्हाला बोलावलंत ना? आमची फायबर, म्हणजे आतून प्रकाश सोडलेली काचेची बारीक तार, ऑइल व्हॉल्व्हमधून थेट ट्रान्सफॉर्मरच्या तेलात जाते. टोकाला बारीक पडदा असतो, डिस्चार्जच्या आवाजाने तो थरथरला की परत येणारा प्रकाश बदलतो. काच आहे, वीज वाहत नाही, इलेक्ट्रिकल नॉइज तिला चढत नाही. पण आत घातल्यावर हवा काढून तेल शांत होऊ द्यावं लागतं, कारण बुडबुडा राहिला आणि सप्लाय दिला तर त्या बुडबुड्यातच डिस्चार्ज होतो, आणि मी तुम्हाला नसलेला फॉल्ट दाखवून बिल लावलं असतं. पुढचे दोन तास याचे. पोरं बसलेली दिसली हे खरं, पण तेलाला घाई कशी करायची?

आणि आमचं ‘थोडं आहे, परत बघू’ हे मोघम वाटलं असेल, पण खरं तेच होतं. तेलात आवाज सेकंदाला साधारण १४०० मीटर जातो, तो कुठे किती वेळाने पोचला यावरून जागा काढतात, त्याला तीन-चार ठिकाणी सेन्सर लागतात. तुमचा व्हॉल्व्ह एकच मोकळा. डिस्चार्ज आहे एवढं कळलं, नक्की कुठे ते ठोकून सांगितलं असतं तर ती थाप झाली असती. तुमच्या फोरमननी टाकीला स्क्रू ड्रायव्हर टेकवून कान लावला आणि ‘सगळं ओके’ म्हणाले, त्यांच्या अनुभवाचा मान आहे, पण आपण ऐकतो २० किलोहर्ट्झपर्यंत, आम्ही बघत होतो १०० च्या वर.

रिपोर्ट वेळेत द्यायचं आणि फोनचं काहीतरी बघतोच आहे. तेवढं तेलाचं सॅम्पल डीजीएला, म्हणजे तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीला पाठवा, डिस्चार्जमुळे हायड्रोजन वाढतोय का ते कळेल, पुढचं रीडिंग आम्ही चार्ज न लावता घेऊ. चहा दोनदाच झाला साहेब, दुसऱ्या वेळचे पैसे आमच्याच पोराने कॅन्टीनला दिलेत.