'सिस्टर सिटी म्हणजे फॉरेन ट्रिप' वाला फॉरवर्ड: एकेक मुद्दा घेऊ

तोच मेसेज आता तिसऱ्या ग्रुपवर आलाय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शहरांची ती इंटरनॅशनल नेटवर्कं आणि सिस्टर सिटीचे (दोन देशांतल्या शहरांच्या मैत्रीचे) करार म्हणजे महापौर-आयुक्तांच्या फुकटच्या ट्रिपा, श्रीमंत देशांच्या आयडिया आपल्याकडे चालत नाहीत, हवामानबदल हा देशांचा विषय, त्यात शहरांच्या हातात काय, आणि शेवटी त्यांना आपला माल खपवायचाय. खाली 'डोळे उघडा' आणि तीनदा हात जोडलेले.

ट्रिपांचं आधी. होतात, नाही कशाला म्हणू. औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना माहितीय की ब्रेमेन हे जर्मनीतलं शहर आहे आणि पुण्याची त्याच्याशी जुनी मैत्री आहे? पण बसचं बघा. ब्राझीलच्या कुरितिबानं १९७४ला बससाठी वेगळी लेन केली, ते बघून कोलंबियातल्या बोगोटानं २००० साली ट्रान्समिलेनिओ नावाची तशीच बससेवा काढली, जकार्ताचे गव्हर्नर बोगोटा बघून आले आणि २००४च्या जानेवारीत त्यांची बस रस्त्यावर पण आली. आपण पुण्यात २००६ला कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर तशीच बसची लेन केली, ती कशी फसली ते पुणेकरांना सांगायला नको. आयडिया तीच होती, ट्रिपेवरून परत आल्यावर कोण किती चिकटून राहतं तिथे सगळं फिरतं.

आता 'श्रीमंतांचं आपल्याकडे चालत नाही'. याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे मेसेजवाल्यानं साफ उलटं लिहिलंय.

इंडोनेशियातलं सुराबाया. २००१मध्ये लोकांच्या विरोधामुळे तिथला केपुतिहचा कचरा डेपो बंद झाला आणि शहरभर कचऱ्याचे ढीग (आपल्या पुण्याच्या उरुळी-फुरसुंगी कचरा डेपोची आठवण आली ना). मदतीला आलं जपानचं कितात्क्युशू, जिथे १९६०च्या दशकात कारखान्यांच्या धुरानं आकाश दिसत नव्हतं आणि तोबाताच्या बायकांनी 'आमचं निळं आकाश परत द्या' म्हणून आंदोलन केलं होतं. म्हणजे हे लोक स्वतः घाणीतून वर आलेले. २००४ला त्यांच्याकडून कोजी ताकाकुरा नावाचे तज्ज्ञ गेले. जपानी माणूस म्हणजे मोठं मशीन आणणार असं वाटेल, त्यांनी काय केलं तर तिथल्याच बाजारात फिरले, तिथले लोक जे आंबवून खातात ते तेंपे म्हणजे आंबवलेलं सोयाबीन आणि तापे म्हणजे आंबवलेला कसावा, असलं घेऊन त्यातले जंतू साखरेच्या पाण्यात वाढवले, मग ते तांदळाच्या कोंड्यात-तुसात कालवून ठेवून दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर कचऱ्याला विरजण! आणि भांडं कुठलं, तर मळके कपडे टाकायची भोकाभोकाची प्लास्टिकची बास्केट, आतून पुठ्ठा लावलेला. रोजचा ओला कचरा बारीक चिरून त्यात टाकायचा आणि हलवायचं. हवा खेळती राहते म्हणून वास मारत नाही.

महापालिकेनं अशा १९,००० च्या आसपास बास्केट फुकट वाटल्या, दहा-बारा कंपोस्ट सेंटर काढली, गल्लोगल्ली बायकांचे गट हे शिकवत फिरले. दिवसाचा १५०० टनांच्या आसपासचा कचरा चार-पाच वर्षांत १०००च्या आसपास आला. नुसत्या बास्केटनं नाही, स्वच्छ वस्त्यांच्या स्पर्धा होत्या, खात्यात कामाला जुंपून घेणारे अधिकारी होते. यातलं जपानी म्हणावं असं किती उरतं सांगा. विरजण तिथलंच, बास्केट तिथलीच, माणसं तिथलीच. पुढे हीच पद्धत थायलंड, फिलिपिन्स, मलेशियात गेली आणि जिथे गेली तिथे विरजण बदललं.

शहरांच्या हातात काय? कचरा, बस, सांडपाणी, बांधकाम परवानगी, दिवाबत्ती. अजून काय पाहिजे! २००५ला लंडनच्या महापौरांनी १८ शहरं गोळा केली, त्यातून सी-४० हे हवामानबदलावर काम करणाऱ्या मोठ्या शहरांचं नेटवर्क उभं राहिलं, मुंबई त्यात २०२०ला गेली. २०२२ला मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन आला त्यात नेट झिरो (म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडणार तेवढा परत शोषला जाणार) २०५०ला, देशाचं टार्गेट २०७०. आणि ऑस्लोनं २०१७पासून पैशांच्या बजेटसोबत हवामानाचं बजेट चालू केलं होतं, म्हणजे कुठल्या खात्याच्या कुठल्या कामानं किती धूर कमी होणार याचा हिशोब, ते मुंबईनं २०२४-२५ला उचललं. त्यात बरीचशी आधीपासूनचीच कामं नव्या कॉलमात बसवलीयत हे मला पण दिसतंय. पण कॉलम झालाय तर पुढच्या वर्षी विचारता तरी येतं की बाबा याचं काय झालं.

राहिला माल खपवायचा मुद्दा. यात तथ्य आहे, कितात्क्युशूनं २०१०ला एक सेंटरच काढलं, आशियाभर आपल्या कंपन्यांना धंदा मिळावा म्हणून, आणि ते लपवत पण नाहीत. म्हणून करार वाचून सही करायची, मान्य. पण विरजण लावायला कुणाचं लायसन्स लागत नाही. उलट आमच्या सोसायटीनं फॉरेनला न जाता, इथल्याच एकाचं ऐकून कंपोस्टचं मशीन घेतलं, दोन महिने चाललं, आता त्यावर कुंड्या ठेवल्यात. त्याची एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, मात्र यंदाही भरलेत.