दोष काढून टाकले की सुपरकंडक्टर सुधारतो? अजिबात नाही

माझी भाची एम.एस्सी.ला आहे. तिच्या सेमिनारच्या पहिल्याच स्लाइडवर सध्या सगळीकडे फिरणाऱ्या एका व्हिडिओतलं वाक्य जसंच्या तसं होतं: ‘सुपरकंडक्टर जितका निर्दोष, तितका जास्त करंट वाहतो, दोष म्हणजे रोध.’ सुपरकंडक्टर म्हणजे पुरेसा थंड केल्यावर वीज विनारोध वाहून नेणारा पदार्थ, आणि दोष म्हणजे त्याच्या स्फटिकरचनेतली खोट. त्याच व्हिडिओत आणखी दोन दावे आहेत: सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र पूर्ण बाहेर फेकतो, आणि क्रांतिक तापमानाखाली (ज्याखाली पदार्थ सुपरकंडक्टर होतो) हवा तेवढा करंट विनारोध जातो.

क्षेत्र पूर्ण बाहेर फेकणं शिसं, पारा अशा पहिल्या प्रकारच्या सुपरकंडक्टरांना जमतं, तेही क्षेत्र ठरावीक मर्यादेत असेपर्यंतच. वायबीसीओ (यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा सुपरकंडक्टर) दुसऱ्या प्रकारचा. त्यात ठरावीक मर्यादेपुढे क्षेत्र भोवऱ्यांच्या रूपात शिरतं, म्हणजे बारीक नळ्यांसारखं: भोवती करंट फिरतो आणि गाभ्यात सुपरकंडक्टिव्हिटी मोडलेली असते. भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी हे १९५७ मध्येच मांडलं होतं.

आता ते निर्दोषपणाचं खूळ. करंट सोडला की लॉरेन्ट्झ बल (चुंबकीय क्षेत्र आणि करंट यांच्यातलं बल) भोवऱ्यांना ढकलतं. भोवरे सरकले की विद्युतदाब तयार होतो, ऊर्जा खर्ची पडते. म्हणजे रोध आलाच! निर्दोष स्फटिकात त्यांना अडवणारं काहीच नसतं. दोषाच्या जागी मात्र सुपरकंडक्टिव्हिटी आधीच मोडलेली असते, त्यामुळे भोवऱ्याचा गाभा तिथे बसला की ऊर्जा वाचते आणि तो खुंटीला बांधल्यासारखा अडकतो. हेच पिनिंग. दोष म्हणजे रोध हा तांब्याच्या तारेचा नियम इथे कशाला लावायचा?

पुरावा हवा तर सिवाले आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मधला शोधनिबंध वाचा. त्यांनी वायबीसीओच्या स्फटिकांवर ५८० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे कथिलाचे आयन (विद्युतभारित अणू) मारून स्फटिकरचना उद्ध्वस्त झालेले सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे स्तंभ मुद्दाम तयार केले. भोवऱ्याचा गाभाही काही नॅनोमीटरचाच, म्हणून तो स्तंभात नीट बसतो. प्रोटॉनच्या माऱ्याने होणाऱ्या विखुरलेल्या बिंदुदोषांपेक्षा या स्तंभांनी भोवरे कितीतरी घट्ट धरले, तेही जास्त क्षेत्रात आणि जास्त तापमानाला. आज सुपरकंडक्टरच्या टेप (पट्टीसारख्या तारा) बनवताना याच कामासाठी बेरियम झिरकोनेटचे नॅनोकण घालतात. व्हिडिओवाल्यांच्या हिशेबाने ही भेसळच!

‘हवा तेवढा करंट’ हा दावा इथेच कोसळतो: करंट इतका वाढला की भोवरे सुटतात, तीच विनारोध करंटची मर्यादा.

एक गोष्ट मान्य करावी लागते. दोन स्फटिककणांमधली सीमा हाही दोषच, आणि कणांच्या दिशांमधला कोन काही अंशांपुढे गेला की करंट झपाट्याने घसरतो. दोषांची गर्दी फार झाली तर क्रांतिक तापमानही उतरतं. म्हणून भाचीला ती स्लाइड नुसती खोडायला नाही, तर कोणता दोष, केवढा आणि किती, हे लिहायला सांगितलं आहे.