ट्यूब आहे ना, मग लाईफ जॅकेट कशाला म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. ट्रकची जुनी ट्यूब घ्या, मधल्या भोकात पट्ट्यांची सीट बांधा, पायात फिन्स (पोहायचे रबरी पंखे) चढवा, झाली फ्लोट ट्यूब, बसा धरणात गळ टाकून. पुढे लिहिलंय की ट्यूब हेच लाईफ जॅकेट, पोहता नाही आलं तरी चालतं, धरणाचं पाणी शांतच असतं, वेडर्स (पाण्यात उतरायची बुटांसकटची वॉटरप्रूफ पँट) घालू नका बुडाल, आणि आपले मच्छीमार रोज ट्यूबवरच जातात की.

मुळात कल्पना खोटी नाही. सुरुवातीच्या फ्लोट ट्यूब खरंच ट्रकच्या ट्यूबवर कापडी कव्हर घालूनच बनायच्या. पण मग बनवणाऱ्यांनी तो गोल आकार सोडून यू आणि व्ही आकार का घेतला, हे मेसेजवाल्याने विचारलेलं दिसत नाही. गोल ट्यूबमधे तुम्ही भोकात अडकून बसलेले असता, दोन्ही पाय पट्ट्यांतून खाली, त्यात पायात फिन्स, म्हणजे पाय पटकन बाहेर निघतच नाहीत. उलटली तर पाय वर आणि डोकं खाली, आणि ट्यूब मस्त तरंगत राहणार. ट्यूब तुम्हाला तरंगवते पण तोंड पाण्याबाहेर ठेवायची हमी देत नाही, ते काम जॅकेटचं, त्यामुळे ट्यूब आहे म्हणून जॅकेट नको हा हिशोबच उलटा आहे.

शिवाय ट्रकच्या ट्यूबला हवेचा कप्पा एकच. चांगल्या फ्लोट ट्यूबला वेगवेगळे कप्पे असतात, एक गेला तरी दुसरा काठापर्यंत आणतो. इथे बाभळीचा बुडालेला काटा, गळाचं टोक, नाहीतर शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशाचा करवती काटा, काहीही पुरतं. आणि उन्हात टणक फुगवलेली ट्यूब गार पाण्यात मऊ पडते, पंक्चर नसतानाही, कारण आतली हवा आकसते.

मच्छीमारांचं म्हणाल तर ते ट्यूबच्या वर बसतात, भोकात नाही. वर फळी नाहीतर थर्माकोल, हाताने वल्हवत जाळं टाकायला जायचं. उलटली तर माणूस सरळ पाण्यात पडतो, अडकत नाही, आणि लहानपणापासून पाण्यात वाढलेला असतो. त्यांचं जाळं कुठे लावलंय हे त्यांना माहीत असतं, तुम्हाला नाही. नायलॉनच्या जाळ्यात फिन अडकलं की लाथ मारून सुटत नाही, उलट गुंता वाढतो, म्हणून सुरी हाताशी हवी.

"शांत पाणी" हे तर वाचूनच डोकं फिरलं. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 माणसं गेली. ती इंजिनवाली बोट होती हो. फ्लोट ट्यूब फिन्सनी उलटी, पाठीकडे जाते, वेग चालण्याहूनही कमी, समोरून वारा आला की पाय मारमारून जागच्या जागीच. म्हणून सकाळी जायचं, काठाजवळ राहायचं, वारा काठाकडून आत वाहत असेल तर उतरायचंच नाही. आणि सांडव्याच्या, कालव्याच्या तोंडाजवळ किंवा वाहत्या नदीत तर अजिबात नाही.

वेडर्सची भीती मात्र उगाच घातलीये. आत शिरलेलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड, ते खाली ओढत नाही, ली वुल्फ या अमेरिकन गळवाल्याने वेडर्स घालून पुलावरून नदीत उडी मारून हे दाखवलं होतं. त्रास होतो तो काठावर चढताना, तेव्हा ते वजन अंगावर येतं. कमरेला पट्टा आवळला की पाणी कमी शिरतं. तसंही आपल्याकडे हिवाळ्याच्या पहाटा सोडल्या तर वेडर्सची गरज फारशी पडत नाही.

मेसेजची शेवटची ओळ, "परवानगी लागत नाही". आपल्याकडे बऱ्याच धरणांतल्या मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, आधी त्यांना विचारा. चिलापी, मरळ, कटला कुठे लागतोय ते तर सांगतीलच, पण जाळी कुठे लावलीत तेही तेच सांगतील.