पवईची आयआयटी आणि सोव्हिएत मदत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आयआयटी मुंबईच्या उभारणीतल्या सोव्हिएत मदतीबद्दल मी भारावून लिहिलं, ती मदत म्हणजे शीतयुद्धाचं राजकारण होतं, आणि तिथे शिकलेली मुलं शेवटी अमेरिकेलाच गेली, मग आपल्या हाती काय लागलं, असा तुमचा सवाल आहे.

राजकारणाचा मुद्दा मान्य. मुंबईत सोव्हिएत युनियन, मद्रासला पश्चिम जर्मनी, कानपूरला अमेरिका, दिल्लीला ब्रिटन. इतके देश काही निव्वळ प्रेमापोटी पुढे आले नव्हते. मुंबईला मदत युनेस्कोमार्फत आली, पण पैसा सोव्हिएत रूबलमध्ये होता. तो बाहेर कुठे चालत नसे, म्हणून यंत्रं आणि तज्ज्ञही तिकडूनच यायचे. हे मी लिहायला हवं होतं.

पण देणाऱ्याच्या मनात काय होतं, एवढ्यावरून घेणाऱ्याची कमाई ठरत नाही. १९५८च्या जुलैत वरळीला, सॅस्मिरा या कृत्रिम रेशमावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या इमारतीत १०० मुलांचे वर्ग सुरू झाले. पवईची पायाभरणी त्यानंतरची, मार्च १९५९ची. युनेस्कोच्या योजनेत ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ आले. मला मात्र सगळ्यांत मोलाचा वाटतो तो तिसरा आकडा : २७ शिष्यवृत्त्या. आपले अध्यापक सोव्हिएत युनियनमध्ये शिकायला गेले, ते याच शिष्यवृत्त्यांवर. तिकडून आलेला मिन्स्क संगणक केव्हाच कालबाह्य झाला, तज्ज्ञ मुदत संपल्यावर मायदेशी गेले. शिकवणं आपल्या माणसांच्या हाती राहिलं. अभ्यासक्रम आपला, पदवीही आपलीच.

मुलं परदेशी गेली, ही हळहळ मलाही आहे. पण त्यांना इथे प्रयोगशाळा, कारखाने आणि बरा पगार देणं आपलं काम होतं, त्याचा दोष त्या कराराला कसा द्यायचा? शिवाय सगळेच काही गेले नाहीत. मी मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. आमच्या विभागातले दोघे 'क्यूआयपीवर', म्हणजे क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम या सरकारी योजनेतून, पवईला जाऊन एम.टेक. करून आले होते. १९७०पासूनच्या या योजनेत साध्या कॉलेजांतले शिक्षक आयआयटीत पुढचं शिकायला जातात. त्या दोघांनी परत आल्यावर आमची प्रयोगशाळा अक्षरशः नव्याने मांडली. पवईत जे रुजलं, ते आमच्यापर्यंत असं पोचलं. अमेरिकेला किती गेले हे मोजताना ही माणसंही मोजा, एवढी माझी विनंती आहे.

आता तर आपणच देणारे झालो आहोत. २०२३मध्ये आयआयटी मद्रासने टांझानियातल्या झांझिबारमध्ये वर्ग सुरू केले. पदवी मद्रासची. तुम्ही सोव्हिएत मदतीला विचारलेला प्रश्न मला तिथे जास्त महत्त्वाचा वाटतो : पुढे ती संस्था चालवतील असे तिथलेच अध्यापक घडावेत, यासाठी आपण काय करणार आहोत?

रूबलचा भाग मूळ लेखात आजच घालतो आहे.