दीड इंच

अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "निदान सहा महिने व्हीलचेअर. पण रोज बाहेर फिरवून आणा हं, मोकळी हवा महत्त्वाची." डॉक्टरांचा हवेचा अभ्यास असेल. फूटपाथचा नसावा.

अण्णांनी उभा जन्म बांधकामावर ओव्हरसियर म्हणून काढला. निवृत्त झाले त्या दिवशी साइटवरून एकच वस्तू घरी आणली, ती म्हणजे समतल तपासायची त्यांची पाणसळ. हातभर लांब, कडा झिजलेली, पण मधल्या नळीतला बुडबुडा अजून शाबूत. आमच्या घरातलं एकही कपाट त्या बुडबुड्याच्या परवानगीशिवाय उभं राहिलेलं नाही. व्हीलचेअर घरी आली तशी त्यांनी पाणसळ आणि टेप तिच्या बाजूच्या पिशवीत खोचली. मी म्हटलं, "अण्णा, आपण फिरायला चाललोय."

"म्हणूनच," अण्णा म्हणाले.

पहिल्या दिवशी आम्ही कोपऱ्यापर्यंत पोहोचलो. तिथे फूटपाथ संपतो आणि सहा इंचांची पायरी लागते. त्या पायरीवरून मी वीस वर्षं रोज उतरतोय, पण तिथे पायरी आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पायांवर चालणाऱ्याला सहा इंच म्हणजे काहीच नाही. चाकांवर बसणाऱ्याला तो कडा आहे.

कसंबसं उतरलो, रस्ता ओलांडला, आणि पलीकडे पुन्हा सहा इंच. मदतीला चार जण धावून आले. माणसं चांगली, पण चौघांची घराणी चार. एकजण म्हणाला पुढून उचला, एकजण म्हणाला उलटी फिरवा. तिसऱ्याने काही न बोलता पावलं ठेवायची पट्टी धरून जोर लावला. व्हीलचेअरच्या त्या पट्ट्या निघणाऱ्या असतात. उचलायचं तर सांगाडा धरावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं, कारण पट्टी त्या गृहस्थांच्या हातात आली आणि अण्णा जागच्या जागी राहिले. ते गृहस्थ पट्टीकडे असे बघत होते, जणू अण्णांचा पायच निघून आलाय.

घरी येऊन मी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' मी धावत जाऊन पाहिलं. सहा इंच जागेवर होते. पुन्हा नोंदवली, पुन्हा निराकरण झालं. पाचव्या निराकरणानंतर मात्र एके सकाळी खरोखर कुदळीचा आवाज आला आणि 'काम चालू आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा फलक लागला. काम दोन दिवस चाललं आणि दिलगिरी दीड महिना. या काळात फूटपाथ मुळीच नव्हता, त्यामुळे त्याच्या पायरीचा प्रश्नही उरला नाही.

शेवटी उतार झाला. अण्णांनी लांबूनच पाहिला आणि त्यांच्या कपाळावर ती जुनी, साइटवरची आठी उमटली.

"मुकादम, लांबी किती धरलीत?"

"दोन फूट, काका."

"आणि चढ?"

"सहा इंच."

"म्हणजे एकास चार."

"हो काका, एकदम मजबूत."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. उताराचा जगभरचा हिशेब एकास बारा असा आहे आणि तो लक्षात ठेवायला अगदी सोपा आहे, कारण एका फुटात इंच बाराच असतात. इंचभर चढायला फूटभर लांबी. सहा इंचांना सहा फूट. मुकादमांना हे पटलं, पण त्यांची अडचण वेगळी होती. "सहा फूट गेलो तर मध्ये चेंबर येतंय ना. चेंबर आमच्याकडे नाही."

एकास चार म्हणजे काय, ते कागदावर नव्हे, दंडात कळतं. अण्णा आणि खुर्ची मिळून शंभर किलो धरा. एकास बाराच्या चढावर ढकलणाऱ्याला साधारण आठ किलोचा जोर लावावा लागतो आणि एकास चारवर चोवीसचा. शिवाय बसणाऱ्याचा तोल मागे जातो. उतरताना तर खुर्ची उलटी फिरवून, स्वतः पाठमोरं होऊन उतरावं लागतं. रोज संध्याकाळी मी वाहतुकीकडे पाठ करून भर रस्त्यात उतरत असे आणि अण्णा मान वळवून माझ्या खांद्यावरून बघत सूचना देत, "ये... ये... थांब! ट्रक." ट्रक मागे घेताना क्लीनर देतो, तशा.

तेवढ्यात फरश्या आल्या. पिवळ्या, उठावाच्या. काहींवर लांब रेघा, काहींवर गोल ठिपके. ही नक्षी नव्हे, ती अंधांची लिपीच आहे. जपानमधल्या सेइइची मियाके या गृहस्थाने एका मित्राची दृष्टी जाऊ लागली म्हणून ती शोधून काढली, आणि मार्च 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. पायाला किंवा काठीला रेघ लागली की सरळ चला, ठिपके लागले की थांबा, पुढे रस्ता आहे. उतार जमिनीशी एकजीव केला की आमची खुर्ची खूश होते, पण काठीने कडा शोधणाऱ्याची कडाच नाहीशी होते. त्याच्यासाठी ते ठिपके.

आमच्या फूटपाथवर दर तिसरी फरशी ठिपक्यांची होती.

"रेघांच्या कमी पडल्या," मुकादम म्हणाले. "आणि काका, दिसतंयही छान."

म्हणजे अंध माणसाने घरून निघावं आणि दर दोन पावलांवर थांबावं. रेघा मात्र इमानाने सरळ गेल्या होत्या आणि विजेच्या डब्यावर संपल्या होत्या. तो डबा उताराच्या माथ्यावरच उभा आहे. खुर्चीला पूर्ण वळायला पाच फुटांचा गोल लागतो. आम्हाला अडीच फूट मिळाले. त्यामुळे मी चोवीस किलोचा जोर लावून वर आलो की आमची आणि डब्याची गळाभेट व्हायची. डब्यावर कवटी आणि दोन हाडं काढलेली आहेत. अण्णा तिला नमस्कार करू लागले होते.

गंमत अशी की उताराचा उपयोग बाकी सगळ्यांना झाला. बाबागाडीवाल्या आया, चाकांची बॅग ओढणारे, सिलिंडरचा गाडा, सगळे आनंदाने जाऊ लागले. पाठोपाठ मोटारसायकली आल्या. एकास चार हा चढ मोटारसायकलला काहीच नाही. फूटपाथवर हॉर्न ऐकू येऊ लागले. मग मोटारसायकली अडवायला खांब रोवले, दोन-दोन फुटांवर. आमची खुर्ची सव्वीस इंच. मोटारसायकली हँडल तिरकं करून निघून जात आणि खांबांनी अडायचे ते फक्त अण्णा. अर्ज केल्यावर एक खांब काढला, त्याचा बोल्ट ठेवला.

इतकं सगळं सोसून आम्ही त्या उताराला सरावलो होतो, तोच रस्त्याचं डांबरीकरण आलं. जुना थर खरवडला, नवा टाकला, आणि नवा थर उताराच्या तोंडाशी दीड इंच खाली राहिला. पहिला पाऊस झाला तसं तिथेच तळं साचलं. साहजिकच आहे, सगळ्यात सखल जागा तीच. व्हीलचेअरची पुढची चाकं वीतभर असतात. त्यांना दीड इंचाची धार म्हणजे भिंत. ब्रिटनमध्ये अशा जागी 6 मिलिमीटरच्या वर कड चालत नाही. आमच्याकडे चाक धडकायचं, खुर्ची थांबायची आणि अण्णा पुढे जायचे.

मी ऑफिसात गेलो. रस्त्याच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमचं डांबर लेव्हलमध्ये आहे. फूटपाथ वर आहे. फूटपाथवाल्यांना भेटा." फूटपाथचे साहेब वरच्या मजल्यावर. "आमचा फूटपाथ लेव्हलमध्ये आहे. रस्ता खाली आहे." दोघांचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. मग तो दीड इंच कुणाचा? खालच्या मजल्याचा नाही, वरच्या मजल्याचा नाही. मी जिन्यात उभा राहिलो. माझ्यासारखाच तोही दोन मजल्यांच्या मध्ये लटकत होता.

त्या रात्री अण्णांची समजूत काढायला मी त्यांना मोबाइलवरून काहीबाही वाचून दाखवत होतो. अमेरिकेतल्या कॅलमझू गावात 1945 सालीच असे उतार झाले, युद्धात जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी. पुढे बर्कलीत व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांनी रात्री गुपचूप सिमेंट ओतून स्वतःच उतार केले, अशी आख्यायिका आहे. नंतर शहराने रीतसर बांधले.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माळ्यावर अर्धं पोतं असेल बघ."

"अण्णा, हे बेकायदेशीर आहे."

"कुणाच्या हद्दीत आहे ते आधी ठरू दे. मग बघू."

रात्री पावणेबाराला आम्ही तिघं निघालो. मी घमेलं घेतलं होतं, बायकोने टॉर्च आणि अण्णांनी पाणसळ. सिमेंट-वाळूचा एकास तीन माल कालवला. अण्णांनी आधी जागा खरवडायला लावली, ओली करायला लावली, आणि कडेने पाऊण इंची पाइपचा तुकडा टाकून घेतला, गटाराकडे जाणारं पाणी अडायला नको म्हणून. दीड इंच चढ, दीड फूट लांबी. मी थापीने ओढायचो, अण्णा वाकून पाणसळ लावायचे. "डावीकडे केसभर." बायको म्हणाली, "अण्णा, अंधारात केस दिसत नाहीये." "मला दिसतोय." सव्वा वाजता ते जे म्हणाले, ते मी शाळेत पहिला आलो तेव्हाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "ठीक आहे."

पुढे सात दिवस मी पहाटे झारी घेऊन पाणी मारायला जात होतो. शेजारच्या काकूंना वाटलं, मी फूटपाथवर काहीतरी पेरलंय.

आठव्या दिवशी खुर्ची त्यावरून गेली. काहीही जाणवलं नाही. चांगलं काम असं असतं म्हणे, ते लक्षातच येत नाही. आमचं मात्र एका जणाच्या लक्षात आलं होतं, कारण पंधरवड्याने तिथे एक चकचकीत फलक उभा राहिला. 'नागरिकांच्या सेवेत सुलभ उतार', त्याखाली एक हसरा फोटो, आणि फोटोखाली 'यांच्या विशेष प्रयत्नांतून'.

माझा संताप झाला. मी तावातावाने बोलू लागलो. अण्णांनी चष्मा पुसून फलक सावकाश, पूर्ण वाचला.

"जरा जवळ घे मला."

मी खुर्ची जवळ नेली. त्यांनी पिशवीतून पाणसळ काढली, हात लांब करून फलकाच्या खालच्या कडेवर टेकवली आणि एक डोळा मिटला. बुडबुडा थोडा हलला आणि बरोब्बर मध्ये येऊन थांबला.

"हा बाकी लेव्हलमध्ये लावलाय," अण्णा म्हणाले.